पेटीतले कागद आणि टॉवरखालचे ग्रंथालय

काही वर्षांपूर्वी पनवेलच्या जुन्या गावठाणातील एका घरात छपराचे काम निघाले. माळ्यावरची सागवानी पेटी खाली उतरवली गेली. त्या घरची मुलगी आमची माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत उर्दू माध्यमातून शिकली, पुढे इतिहास घेऊन बी.ए. झाली आणि एम.ए.ला गेली. तिने निरोप पाठवला, "सर, पेटीत जुने कागद निघाले आहेत. फारसी असावेत. येऊन बघा ना." शाळेच्या परीक्षा चालू होत्या. आम्ही गेलो, पण दोन दिवस उशिरा. तोपर्यंत तिच्या दादीने सारे कागद स्वच्छ पांढऱ्या कापडात बांधून, बिस्मिल्लाह म्हणून, खाडीच्या पाण्यात सोडायला लावले होते.

दादीचा दोष कसा काढावा? त्या म्हणाल्या, "बेटा, अल्लाहचं नाव असेल त्यात. पायाखाली कसं येऊ द्यायचं?" कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत हीच रीत आहे. जीर्ण झालेले कुराणशरीफचे पान आदराने पाण्यात सोडतात किंवा पाक जागी पुरतात. पण त्या लिपीत लिहिलेले सगळेच कुराण नसते. त्यात जमिनीची सनद असते, काझीचा निवाडा असतो, गलबताच्या मालाचा हिशेब असतो, मुंबईहून मुलाने बापाला लिहिलेले पत्रही असते. लिपी एकच, म्हणून सगळ्याला एकच आदर मिळतो. त्या आदरापोटी आमचा इतिहास आम्ही स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडत आलो आहोत.

पेटीच्या तळाला चिकटलेला एक कागद तेवढा मागे राहिला होता. वाळवीने त्याची कड खाल्ली होती. वर एक शिक्का होता. 'काझी' हा शब्द लागला, एका गावाचे नाव लागले, आणि हिजरी सालातले पहिले दोन आकडे लागले. अकराशेच्या पुढचे साल, म्हणजे इसवी सन १६८८ ते १७८५ च्या दरम्यानचे. कागदाच्या पाठीवर मोडीत चार ओळी होत्या. मुलीने विचारले, "सर, हे आहे तरी काय?" आम्ही बी.एड. झालेले उर्दूचे शिक्षक. आम्हाला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. 'हे काय आहे?' असे विद्यार्थ्याने विचारले तर उत्तरापर्यंत त्याला कोण नेणार? विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे खरे काम हेच, असे आम्हाला वाटते. हे काम आपल्या भागात कसे सुरू झाले, त्यात आपल्या माणसांचा वाटा काय, आणि आपली मुले त्या दारापर्यंत का पोचत नाहीत, याचा थोडा मागोवा येथे घ्यायचा आहे.

मराठीत 'फेरिस्त' हा शब्द आहे. जुन्या दफ्तरांत तो यादी या अर्थाने येतो. मूळ फारसी 'फेहरिस्त'. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-नदीम नावाचा एक वर्राक होता. वर्राक म्हणजे कागद विकणारा, ग्रंथांच्या नकला करणारा आणि विकणारा. त्याने आपल्या काळी अरबीत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची विषयवार नोंद केली आणि तिला 'अल-फिहरिस्त' असेच नाव दिले. ते साल हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७. त्यात नोंदलेले असंख्य ग्रंथ पुढे नष्ट झाले. आज ते एकेकाळी होते एवढे तरी आपल्याला कळते, ते या यादीमुळे. ग्रंथ सांभाळणे हे एक काम झाले. तो काय आहे, कोणाचा आहे, कोणत्या विषयाचा आहे हे लिहून ठेवणे हे दुसरे काम, आणि आपल्या पूर्वजांनी त्याला कमी लेखले नव्हते.

आता मुंबईकडे येऊ. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि आईच्या नावे मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि त्यात प्रेमचंदही बुडाले, पण दिलेले दान राहिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने आराखडा केला. १८६९ मध्ये पाया घातला गेला आणि १८७८ मध्ये इमारत पुरी झाली. सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर तो हाच. मनोऱ्याखाली विद्यापीठाचे ग्रंथालय आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हीही लहानपणी वडिलांचा हात धरून घड्याळच पाहिले होते.

पण ज्या विद्यापीठात शिकवणेच नव्हते, त्याच्या ग्रंथालयात विद्यार्थी कशासाठी येणार? विद्यापीठाने स्वतः शिकवणे आणि संशोधन हाती घेतले ते विसाव्या शतकात. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. तेव्हापासून संदर्भ शोधणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात दिसू लागला. म्हणजे ग्रंथालयाची इमारत आधी आली आणि तिचा खरा वाचक चाळीस वर्षांनी आला. गंमत पाहा, टॉवरचे काम चालू असतानाच, १८७६ मध्ये, अमेरिकेतील वुस्टर या गावचा ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन याने आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक विचार मांडला होता. वाचक भीत भीत येतो, त्याला नेमके काय हवे ते त्याला सांगता येत नाही, म्हणून ग्रंथपालाने आपणहून त्याच्याशी बोलावे आणि त्याला वाट दाखवावी, असे त्याचे म्हणणे. आज ज्याला संदर्भसेवा म्हणतात तिचा आरंभ त्या विचारात मानला जातो.

मुंबईत अशा कामाची दुसरी बाजू, म्हणजे हस्तलिखितांच्या नोंदीची, त्याच सुमारास दिसू लागली होती. मुल्ला फिरोज या विद्वान पारशी धर्मगुरूच्या नावाने फोर्टमध्ये एक ग्रंथालय होते. त्यातील अरबी, हिंदुस्थानी, फारसी आणि तुर्की हस्तलिखितांची सूची एडवर्ड रेहात्सेक यांनी केली आणि ती १८७३ मध्ये छापली गेली. रेहात्सेक जन्माने हंगेरीकडचे, पण आयुष्य मुंबईत काढले आणि येथेच १८९१ मध्ये वारले. कोण कुठला हा माणूस, पण आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या दीवानांची आणि तवारिखांची पाने मोजत बसला. तो संग्रह पुढे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तेथे आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातही अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते जमा होत गेली. त्यांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केली. ती करणारे होते फारसीचे प्राध्यापक खान बहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज. सूची इंग्रजीत आहे. आमच्यासारख्या उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे नाव बी.एड.च्या वर्गात कोणी सांगितले नाही, याची खंत वाटते.

अशी सूची म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. एका हस्तलिखिताची नोंद करताना ग्रंथाचे नाव, कर्ता, विषय, भाषा यांच्याबरोबर नक्कल करणारा कातिब कोण, नक्कल कुठे आणि कोणत्या साली झाली, पाने किती, पानावर ओळी किती, लिपी नस्तालीक की नस्ख की शिकस्ता, आरंभीचे आणि अखेरचे शब्द कोणते, शिक्के कोणाचे, कसर कुठे लागली, पान कुठे गहाळ आहे, एवढे सारे पाहावे लागते. कर्त्याचे नाव नसेल तर मजकुरावरून त्याचा माग काढावा लागतो. इतर संग्रहांतील प्रतींशी ताडून पाहावे लागते. असा एक माणूस काही वर्षे मान मोडून बसतो, तेव्हा पुढच्या शंभर वर्षांतल्या विद्यार्थ्यांचा वेळ वाचतो.

वेळ वाचण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९३१ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे असते, असा त्यांचा आशय. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक होते. तिसरा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. वाचकाला ग्रंथ हवा असतो हे सगळ्यांना समजते, पण ग्रंथही वाचकाची वाट पाहत असतो. टॉवरखालची ती उर्दू हस्तलिखिते कोणाची वाट पाहत असतील?

याच काळात पुण्यात वेगळाच प्रकार चालला होता. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील मराठी संशोधक फारसी शिकत होते, कारण आदिलशाही, निजामशाही, मोगली कागद वाचल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास पुरा होत नाही हे त्यांना कळले होते. ग. ह. खरे यांनी फारसी कागद मराठी भाषांतरासह छापण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ज्यांच्या घरात ती भाषा नव्हती, त्यांनी ती कष्टाने मिळवली. ज्यांच्या मुलांना पहिलीपासून ती लिपी येते, त्या आमच्या उर्दू शाळांतून या कामासाठी किती जण गेले? हिशेब करायला बसलो की मान खाली जाते.

सगळेच चित्र असे नाही. पनवेलच्या पूर्वेला जो माथेरानचा डोंगर दिसतो, तेथे १८९९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांचा जन्म झाला. सुलेमानी बोहरा घराण्यातले हे गृहस्थ पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक वकिलीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. पण आमच्या विषयाला लागून असलेली गोष्ट निराळी आहे. इस्माइली पंथाची हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांत बंद राहत. बाहेरच्यांना ती दाखवायची नाहीत असा दंडक होता. फैजींनी आपल्या जवळची अशी सुमारे दोनशे हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. मुइझ गोरियावाला यांनी त्यांची सूची केली आणि विद्यापीठाने ती १९६५ मध्ये छापली. फैजींनी स्वतः काझी नोमान या दहाव्या शतकातील फातिमी कायदेपंडिताचा 'दआइमुल इस्लाम' हा ग्रंथ अनेक हस्तलिखिते ताडून संपादित केला होता. संशोधकाला मूळ प्रत मिळाली नाही तर काय अडते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. म्हणून त्यांनी आपली पेटी उघडी केली.

पेटी आमच्या दादीकडेही होती. तिच्या मनात आदर कमी नव्हता. फैजींना पेटीत काय आहे ते ठाऊक होते आणि ते कुठे द्यावे तेही ठाऊक होते. दादीला यातले काहीच कोणी सांगितले नव्हते.

आपल्या संस्थांनीही या वाटेवर काही पावले टाकली आहेत. बदरुद्दीन तय्यबजी, कोकणी मुसलमानांपैकी नाखुदा मोहम्मद अली रोगे आदी मंडळींनी १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. पनवेलहून हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की समोरच १८९३ मध्ये पुरी झालेली अंजुमनची इमारत दिसते. तेथील करीमी लायब्ररी उर्दूच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९४७ मध्ये, फाळणीच्या त्या धामधुमीच्या वर्षात, अंजुमनने उर्दू संशोधन संस्था काढली. प्रा. नजीब अशरफ नदवी यांनी तिची धुरा वाहिली, आणि १९५० पासून 'नवा-ए-अदब' हे संशोधनाचे नियतकालिक निघू लागले. डॉ. मैमूना दळवी यांनी मुंबईतील उर्दूचा इतिहास संशोधून 'बंबई में उर्दू' लिहिले, तेही या शहरातल्या जुन्या ग्रंथसंग्रहांची धूळ झटकूनच. एका स्त्रीने हे करून दाखवले, हे आमच्या मुलींना आम्ही आवर्जून सांगतो.

त्याच अंजुमनचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ पासून आमच्या नवीन पनवेलमध्ये आहे. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि औषधनिर्माणशास्त्राच्या तेथील विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल ग्रंथालयाने संगणकीय भांडारात ठेवले आहेत. पदवीचा अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधून कपाटात कुजवण्याची आपल्याकडची पद्धत पाहता हे मोठेच पाऊल आहे. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी मागच्याने काय केले ते पाहू शकतो आणि त्यापुढे जाऊ शकतो. सरफराजांची सूची आणि हे भांडार यांच्यात पाऊणशेहून अधिक वर्षांचे अंतर असेल, पण काम एकाच जातीचे आहे.

आता आमच्या कागदाकडे वळू. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्ही त्या मुलीबरोबर एका ग्रंथालयात गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "पुस्तकाचा नंबर?" मुलगी म्हणाली, "पुस्तक नाही, एक कागद आहे, तो कसला आहे ते कळत नाही." ते म्हणाले, "नंबर घेऊन या." नंबर माहीत असता तर ती आली कशाला असती? बाहेर पायरीवर ती म्हणाली, "सर, हे आपल्यासाठी नाहीच." आम्हाला त्या गृहस्थांचा राग आला, पण या वाक्याने अधिक हललो. आपल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य किती सहज येते! एकदा हो म्हणणारा माणूस भेटला नाही की ती आयुष्यभर ते दार ठोठावत नाहीत.

आणि खरे सांगायचे तर दोष काउंटरपलीकडेच आहे असेही नाही. आमच्या शाळेत पुस्तकांचे कपाट आहे. त्याची किल्ली आमच्याच खिशात असते. पुस्तक फाटेल, हरवेल, तपासणीला उत्तर द्यावे लागेल, म्हणून कपाट महिनोन्‌महिने उघडत नाही. ज्या मुलीने दहा वर्षांत शाळेचे कपाट उघडे पाहिले नाही, तिने विद्यापीठाच्या काउंटरवर धीटपणे बोलावे अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करावी? त्या दिवसापासून कपाटाची किल्ली नववीच्या एका मुलाकडे आणि एका मुलीकडे दिली आहे. आजवर दोन पुस्तके हरवली. बाकीची वाचून वाचून मऊ झाली आहेत.

दुसऱ्या एका ग्रंथालयात मात्र निराळे घडले. तेथील ज्येष्ठ बाईंनी आधी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि मग मुलीला विचारले, "तुला यातले काय काय वाचता येते ते सांग." हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तिने वाचले तेवढे सांगितले. बाईंनी छापील सूचीचा एक जाडजूड खंड समोर ठेवला आणि म्हणाल्या, "या नमुन्यावर तुझ्या कागदाची नोंद कर." लांबी-रुंदी, ओळी, शिक्का, आरंभ, अखेर, स्थिती. मुलगी दोन तास लिहीत होती. पाठीवरच्या मोडीचे काय, असे विचारल्यावर त्यांनी राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांची माहिती दिली. तिच्याच वर्गातला एक मुलगा मोडी शिकलेला निघाला. मग एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने तो, असे दोघे तो कागद घेऊन बसले.

कागद होता मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनीसंबंधी. पुढे काझीच्या शिक्क्याचा फारसी मजकूर, मागे त्याचीच मोडीतली नोंद. एकाच कागदावर दोन लिपी, आणि व्यवहार एकच. त्या काळच्या कारकुनाला यात काही नवल वाटले नसेल. आज मात्र तो पुरा वाचायला दोन माणसे लागली, आणि त्यांना शेजारी बसवायला एक ग्रंथपाल लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उर्दू आली म्हणजे फारसी आली असे नव्हे. शिकस्ता लिपी तर भल्याभल्यांना घाम फोडते. पण लिपीची ओळख, अरबी-फारसी शब्दांचा कान आणि हिजरी महिन्यांची नावे या तीन गोष्टी उर्दू माध्यमाच्या मुलाकडे आधीच असतात. तिकडे मराठी तर आपली घरची भाषा. महाराष्ट्राच्या इतिहासासाठी याहून चांगली शिदोरी कोणती? उर्दू माध्यम म्हणजे मागे पडणे, असे ऐकून ऐकून आपल्या मुलांनी ही शिदोरी सोडून द्यायची ठरवली आहे.

साधने आज पूर्वीपेक्षा सोपी झाली आहेत. विद्यापीठांतील शोधप्रबंध 'शोधगंगा'वर कोणालाही घरबसल्या वाचता येतात. महाविद्यालयांसाठी २०१० पासून 'एन-लिस्ट' ही योजना आली, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला खुले झाले, आणि २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना परदेशी संशोधन-नियतकालिके एकाच वर्गणीत देण्याची योजना सुरू झाली आहे. टॉवरची डागडुजी होऊन २०१५ मध्ये तो पुन्हा उजळला आणि २०१८ मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सारे चांगले आहे. पण पासवर्ड कोणाकडे मागायचा हेच मुलाला माहीत नसेल तर योजना त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि पेटीतला वाळवी लागलेला कागद कोणत्याही संगणकावर आपोआप चढत नाही. कोणीतरी तो हातात घेऊन 'हे काय आहे' असे विचारावे लागते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. घरात जुने कागद निघाले तर पाण्यात सोडण्याआधी कोणा जाणकाराला दाखवा. निदान मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. कुराणशरीफची पाने वेगळी काढून त्यांचा आदर जरूर करा. बाकीचे कागद सनदेचे आहेत की हिशेबाचे ते ठरू द्या. शिक्षक असाल तर वर्षातून एकदा तरी मुलांना मोठे ग्रंथालय दाखवायला न्या, आणि काउंटरवर तुम्ही न बोलता मुलांना बोलू द्या. महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. एका ठिकाणी नाही म्हटले तर दुसरीकडे जा.

ती मुलगी आता मोडीही शिकते आहे. तिने तयार केलेली नोंद दादीला वाचून दाखवली. मशिदीच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेली जमीन, हे ऐकून दादी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, "बाकीच्या कागदांत काय होतं गं?" त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते.